रेषा ठरली, तरी युद्ध थांबेना: कोरियातल्या शस्त्रसंधीचं गणित

२७ नोव्हेंबर १९५१ रोजी कोरियातल्या पानमुनजोम इथे दोन्ही बाजूंच्या (एकीकडे अमेरिका आणि दक्षिण कोरिया, दुसरीकडे उत्तर कोरिया आणि चीन) लष्करी अधिकाऱ्यांनी नकाशावर एक रेषा मान्य केली. कोरियन युद्ध थांबल्यावर कोणाचं सैन्य कुठे असेल, हे त्या दिवशी जवळजवळ ठरलं होतं. प्रत्यक्षात युद्ध थांबलं २७ जुलै १९५३ ला, म्हणजे बरोबर वीस महिन्यांनी. शेवटी सह्या झाल्या त्या रेषेत आणि आधीच्या रेषेत फरक होता तो काही डोंगरांचा आणि एखाद्या खोऱ्याचा. त्यासाठी हजारो माणसं मेली. अमेरिकेच्या एकूण मृत आणि जखमी सैनिकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक सैनिक बोलणी सुरू झाल्यानंतरचे आहेत.

युद्ध बरोबरीत अडकलं की दोन्ही बाजू थकतात आणि तह होतो, असं आपण सहज बोलून जातो. कोरियात ते तसं घडलं नाही, आणि इतरत्रही क्वचितच तसं घडतं. आघाडी अडकणं ही एक गोष्ट आणि बोलणी अडकणं ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

आघाडी का अडकली

युद्धाचं पहिलं वर्ष अजिबात अडकलेलं नव्हतं. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य दोन कोरियांना विभागणारा ३८ अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसलं आणि तीन दिवसांनी दक्षिणेची राजधानी सोल पडलं. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिकेचं सैन्य पुसानभोवतीच्या कोपऱ्यात कोंडलं गेलं. १५ सप्टेंबरला अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने इंचॉन बंदरात फौज उतरवून चित्र उलटं केलं. १९ ऑक्टोबरला प्याँगयाँग पडलं, पण त्याच दिवशी चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या. त्याआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून इशारा दिला होता: अमेरिकी सैन्य ३८ अक्षांशाच्या उत्तरेला आलं तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने तो निरोप पोचवला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकी समजून बाजूला ठेवला. ४ जानेवारी १९५१ ला सोल पुन्हा उत्तरेच्या ताब्यात गेलं आणि मार्चमध्ये परत मिळालं. नऊ महिन्यांत एका राजधानीने चार वेळा मालक बदलले.

मग हा झोका थांबला कशामुळे? शौर्य कमी पडलं म्हणून नव्हे, रसद पुरेना म्हणून. चिनी सैनिक पाठीवर साधारण आठवड्याभराची शिदोरी घेऊन हल्ल्यात उतरत. दिवसा अमेरिकी विमानं रस्त्यावर काही हलू देत नसत, त्यामुळे मागून येणारे ट्रक फक्त रात्री आणि दिवे विझवून चालत. आठवडा उलटला की धान्य आणि दारूगोळा दोन्ही संपायचं. अमेरिकी फौजेचे सेनापती रिजवे यांनी हे नेमकं हेरलं. चिनी रेटा आला की थोडं मागे सरकायचं, तोफांनी झोडपत राहायचं आणि सातव्या-आठव्या दिवशी प्रतिहल्ला करायचा, ही त्यांची रीत. एप्रिल-मे १९५१ मधला चीनचा मोठा हल्ला असाच विरला आणि हजारो चिनी सैनिक कैद झाले.

उलट दिशेनेही तेच गणित होतं. कोरियाचं द्वीपकल्प प्याँगयाँग आणि वॉनसान यांच्या दरम्यान कमरेसारखं अरुंद आहे. त्याच्या वर सरकलं की ते पसरत जातं आणि चीनच्या सीमेवर आघाडीची लांबी काही पटींनी वाढते. म्हणजे जितकं जिंकाल तितकी फळी पातळ होते, स्वतःची बंदरं लांब पडतात आणि शत्रू मात्र आपल्या कोठारांच्या जवळ सरकतो. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये मॅकआर्थरचा घात इथेच झाला.

दोन्ही बाजूंनी स्वतःहून हात बांधून घेतले होते, हेही विसरून चालणार नाही. चीनची कोठारं आणि विमानतळ मांचुरियात होते. तिथे अमेरिकेने उघड बाँबफेक केली नाही. अमेरिकेचे तळ जपानमध्ये होते. तिथे चीन किंवा रशियाने हात घातला नाही. सोव्हिएत वैमानिक चीनच्या बाजूने मिग-१५ विमानं उडवत होते, अमेरिकेला ते ठाऊक होतं आणि दोघांनीही त्याची वाच्यता टाळली. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत युनियनने अणुचाचणी केलेली होती, त्यामुळे युद्ध वाढवण्याची किंमत दोघांच्याही डोळ्यांसमोर होती. चीनमध्ये युद्ध न्यावं असं उघड बोलणाऱ्या मॅकआर्थरना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी ११ एप्रिल १९५१ ला घरी पाठवलं. शत्रूचं मूळ उपटायचं नाही असं एकदा ठरवलं की निर्णायक विजय बाद होतो. उरतो तो भाव ठरवणं. १९४५ नंतरच्या देशादेशांमधल्या युद्धांत निकालाशिवाय थांबणारी युद्धं वाढली, त्याचं एक मोठं कारण हे आहे. मागे उभ्या असलेल्या महासत्ता आपल्या माणसाला पूर्ण हरू देत नाहीत आणि पूर्ण जिंकूही देत नाहीत.

१९५१ च्या उन्हाळ्यानंतर दोन्ही फौजा डोंगरांत खणून बसल्या. चिन्यांनी डोंगराच्या मागच्या उतारावरून आत बोगदे काढले, म्हणजे समोरून तोफा डागल्या तरी आतली तुकडी शाबूत राहायची. एका सुळक्यासाठी काय पडायचं? सप्टेंबर-ऑक्टोबर १९५१ मधली ‘हार्टब्रेक रिज’ची लढाई महिनाभर चालली. अमेरिका आणि फ्रान्सच्या बाजूचे ३,७०० हून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले, पलीकडची हानी त्याच्या कित्येक पट. मिळालं काय, तर एक डोंगररांग.

बोलणी का अडकली

२३ जून १९५१ ला सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांनी रेडिओवरच्या भाषणात शस्त्रसंधी सुचवली आणि १० जुलैला केसाँगमध्ये बैठक बसली. विषय पाच: विषयपत्रिका, सीमारेषा, देखरेख, युद्धकैदी आणि सरकारांना शिफारशी. कागदावर काही आठवड्यांचं काम. पण केसाँग उत्तरेच्या ताब्यात होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मानापमान सुरू झाला. अमेरिकेचे मुख्य प्रतिनिधी ॲडमिरल टर्नर जॉय यांना समोरच्यापेक्षा बुटकी खुर्ची दिलेली होती. टेबलावरच्या छोट्या झेंड्यांची उंची बैठकीगणिक वाढत गेली. १० ऑगस्टला दोन्ही पक्ष दोन तास अकरा मिनिटं एकमेकांकडे बघत गप्प बसले आणि मग उठून गेले. वाचताना हसू येतं. पण हा पोरखेळ नव्हता. कोण हरल्यासारखा दिसतो, याचीच ती लढाई होती. ऑक्टोबरात बैठक पानमुनजोमला, दोन्ही फौजांच्या मधल्या जागी हलली, तेव्हा कुठे कामाला गती आली.

रेषेचा वाद साधा होता. उत्तरेला ३८ अक्षांश हवा होता. अमेरिकेचं म्हणणं, आज फौजा जिथे भिडल्या आहेत तीच रेषा, कारण ती डोंगरांवरून जाते आणि राखता येते. अमेरिकेचं म्हणणं टिकलं. मात्र त्यात एक अट होती: ३० दिवसांत बाकीचे विषय मिटले तर हीच रेषा कायम. जॉय आणि रिजवे यांचा याला विरोध होता आणि तो रास्त होता. रेषा आधी ठरली की तिच्यापुढे मोठा हल्ला करायचं कारणच उरत नाही. लष्करी दाब सैल पडतो आणि समोरच्याला खणायला निवांत महिना मिळतो. वॉशिंग्टनने मात्र रेषा लवकर ठरवा असाच आग्रह धरला. ३० दिवस संपले, मुदत गेली, आघाडी मात्र तिथेच राहिली.

घोडं अडलं ते युद्धकैद्यांवर. १८ डिसेंबर १९५१ ला याद्यांची अदलाबदल झाली. अमेरिकेच्या बाजूकडे सुमारे १ लाख ३२ हजार कैदी होते. उत्तरेने दिलेल्या यादीत होते ११,५५९. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब परत पाठवावं. चीन आणि उत्तर कोरिया या कलमावर बोट ठेवून बसले. ट्रूमन यांनी भूमिका घेतली की जायची इच्छा नसलेल्याला बळाने पाठवायचं नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात असा कैदी फारसा नव्हता. इथे तर असे ढिगाने होते. उत्तरेने जबरदस्तीने भरती केलेले दक्षिणेतले तरुण होते, चीनमध्ये माओविरुद्ध लढलेल्या चँग कै-शेकच्या फौजेतून माओच्या फौजेत आलेले चिनी सैनिकही होते. एप्रिल १९५२ मध्ये छाननी झाली तेव्हा परत जायला तयार असलेल्यांचा आकडा निघाला सुमारे ७० हजार. तो ऐकून समोरचे लोक उसळले, आणि का उसळणार नाहीत? आपले निम्मे सैनिक परत यायलाच तयार नाहीत, हे माओ आपल्या देशाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? मे महिन्यात कोजे बेटावरच्या छावणीत कैद्यांनी अमेरिकी छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ठेवलं. ८ ऑक्टोबर १९५२ ला बोलणी थांबली.

जमिनीचे तुकडे करता येतात, पैशाचे करता येतात. ‘आमची माणसं आम्हाला नाकारतात’ याचे तुकडे पडत नाहीत. वाटाघाटी अशा गोष्टीवर अडतात.

त्यात भर म्हणजे युद्धाचा खर्च ज्याच्या अंगावर पडत होता, त्याच्या हाती निर्णय नव्हता. उत्तर कोरियाची शहरं बेचिराख झाली होती आणि तिथला नेता किम इल-सुंगला १९५२ मध्येच युद्ध थांबवायचं होतं. स्तालिनला घाई नव्हती. युद्ध लांबलं तर अमेरिका आशियात गुंतून पडते आणि चिनी सैन्य आधुनिक लढाई शिकतं, असं त्याने माओला जून १९५१ मध्येच कळवलं होतं. त्याच्या दृष्टीने हे स्वस्तातलं युद्ध होतं. अमेरिकी अभ्यासक विल्यम झार्टमन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की कोंडी दोन्ही पक्षांना दुखू लागली की तडजोडीची वेळ पिकते. त्याला कोरियाची पुस्ती जोडायला हवी: दुखणं आणि सही करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा लागतो. बांधावरून दोन भाऊ कोर्टात जातात आणि खर्च मुंबईचा मामा करतो, तेव्हा तारखा संपत नाहीत.

५ मार्च १९५३ ला स्तालिन गेला. दोनच आठवड्यांत, १९ मार्चला, मॉस्कोतल्या नव्या मंडळींनी युद्ध मिटवायचा ठराव केला. ३० मार्चला चौ एन-लाय यांनी सवलत जाहीर केली: परत जाऊ न इच्छिणारे कैदी तटस्थ देशाकडे द्यावेत. ही कल्पना आयत्या वेळची नव्हती. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी भारतातर्फे जवळपास असाच ठराव संयुक्त राष्ट्रांत मांडला होता आणि ३ डिसेंबर १९५२ ला तो ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला होता. तेव्हा मॉस्को आणि बीजिंगने तो झिडकारला. अमेरिकेचे नवे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या अण्वस्त्रांच्या गर्भित धमकीने हा बदल घडला, असंही सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर मला मॉस्कोतला सत्ताबदल जास्त वजनाचा वाटतो. काही असो, तोडग्याचा मसुदा चार महिने आधी तयार होता. माणूस बदलला तेव्हा तो स्वीकारला गेला.

कागदावर नेमकं काय असतं

शस्त्रसंधीच्या मजकुरात ६३ परिच्छेद आहेत आणि त्यातलं बहुतेक सगळं हिशेबाचं आहे. सीमारेषेपासून दोन्ही फौजांनी दोन-दोन किलोमीटर मागे जायचं, म्हणजे चार किलोमीटर रुंद आणि सुमारे २५० किलोमीटर लांब निर्लष्करी पट्टा तयार होतो. मागे सरकायला मुदत ७२ तास. प्रत्येक बाजूचे एका वेळी जास्तीत जास्त एक हजार लोक कामासाठी पट्ट्यात असू शकतात. नवं सैन्य आणायचं नाही, फक्त बदली, आणि तीही महिन्याला ३५ हजारांच्या आत. शस्त्र निकामी झालं तर त्याच जातीचं, एकास एक या हिशेबाने आणायचं. माणसं आणि सामान उतरेल ते प्रत्येक बाजूच्या ठरलेल्या पाच ठिकाणीच: दक्षिणेत इंचॉन, तेगू, पुसान, गँगनुंग आणि कुनसान. तिथे स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांची पथकं मोजणीला बसणार. वाद आला तर दोन्हीकडचे पाच-पाच अधिकारी असलेल्या आयोगासमोर जायचं.

यातला प्रत्येक आकडा एकाच भीतीवरचा उतारा आहे: समोरचा श्वास घेऊन पुन्हा येईल. लढाई चालू असताना शत्रू किती बळकट आहे हे रोज कळत असतं. थांबल्यावर ते कळायचे मार्ग बंद होतात, म्हणून मोजणारा तिसरा लागतो.

२७ जुलैला सकाळी दहा वाजता अमेरिकेचे विल्यम हॅरिसन आणि उत्तर कोरियाचे नाम इल यांनी सह्या केल्या. एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. अंमल रात्री दहापासून होता, आणि मधल्या बारा तासांत तोफा चालूच होत्या.

जायचं नाही म्हणणारे २२ हजारांहून अधिक कैदी आणि पलीकडचे ३५९ कैदी भारताच्या ताब्यात आले. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या आणि कैद्यांवरच्या भारतीय फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचं पाऊल पडू देणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळे जवानांना इंचॉनजवळच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. काम असं की प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याने ९० दिवसांत समजवायचं आणि भारतीयांनी शिस्त राखायची. पण छावण्यांवर आतल्या टोळ्यांचा धाक होता, त्यामुळे हे समजावणं मोजकेच दिवस चाललं. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी परत सोपवले गेले. बहुतेक चिनी तैवानला गेले. ८८ जणांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं, ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले.

दुसरा कागद

सिंगमन री यांनी शस्त्रसंधीवर सही केलीच नाही. उलट १८ जून १९५३ ला, करार तोंडावर आलेला असताना, त्यांनी छावण्यांची दारं उघडून सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले. बाहेरून हा आततायीपणा वाटतो. त्यांचा प्रश्न मात्र चोख होता: तुम्ही निघून गेलात आणि उत्तर पुन्हा आली तर? गप्प राहण्याची किंमत म्हणून त्यांनी वीस डिव्हिजनची फौज, आर्थिक मदत आणि अमेरिकेशी संरक्षण करार मिळवला. त्या करारावर १ ऑक्टोबर १९५३ ला सही झाली.

शस्त्रसंधीतली यंत्रणा पुढे एकेक करून गळून पडली. जून १९५७ मध्ये अमेरिकेने एकास एक शस्त्रांची अट पाळणार नाही असं कळवलं आणि पुढच्या वर्षी अण्वस्त्रं दक्षिणेत आणली. उत्तरही नियम मोडतच होती. १९७६ मध्ये पट्ट्यातल्या एका पॉप्लर झाडाची छाटणी करताना दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. नव्वदीत उत्तरेने चेक आणि पोलिश निरीक्षकांना घालवून दिलं. तरी रेषा टिकली, कारण तिचं खरं बळ ६३ परिच्छेदांत नव्हतं. ते ऑक्टोबरच्या कागदात आणि त्यामागे तैनात असलेल्या फौजेत होतं.

रेषा अर्धवट सोडली तर काय होतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. काश्मीरची युद्धबंदी रेषा कराचीत २७ जुलै १९४९ ला ठरली. एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत ती नीट आखली गेली. पुढे ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढेच शब्द, कारण त्या बर्फात कोण लढणार असं सगळ्यांना वाटलं. १९८४ मध्ये त्याच बर्फात सियाचिनचा संघर्ष उभा राहिला. इराण-इराक युद्धात इराणने मे १९८२ मध्ये आपलं खोर्रमशहर परत जिंकलं, तेव्हा बरोबरीवर थांबता आलं असतं. सद्दामला घालवायच्या हट्टापायी युद्ध १९८८ पर्यंत ओढलं गेलं आणि दोन्ही देश जवळपास जुन्याच सीमेवर परतले.

निर्णायक विजय संपलेले नाहीत. १९७१ मध्ये ढाक्यात १३ दिवसांत निकाल लागला. पण तिथे पाकिस्तानी फौजेची रसद समुद्राने तोडलेली होती, स्थानिक जनता विरोधात होती आणि मागचा पाठीराखा वेळेत पोचला नाही. या तीन गोष्टी क्वचितच एकत्र येतात.

युक्रेनच्या बाबतीत म्हणूनच नकाशावरच्या रेषेइतकाच दुसऱ्या कागदाचा वाद आहे. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात युक्रेनने अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात आश्वासनं मिळाली. मोडल्यास कोण काय करणार, हे त्यात नव्हतं. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीच्या फेब्रुवारी २०१५ च्या दुसऱ्या मिन्स्क करारात तोफा किती मागे न्यायच्या याचे आकडे होते: १०० मिलिमीटर आणि वरच्या तोफांसाठी ५० किलोमीटर रुंद पट्टा, अग्निबाणांसाठी ७०. पण निरीक्षक निःशस्त्र होते. आधी निवडणूक की आधी सीमेचा ताबा, या क्रमावर दोन्ही बाजूंनी एकच कलम दोन तऱ्हांनी वाचलं. आता किव्हमधून आधी सुरक्षेची हमी मागितली जाते, तेव्हा मागणी तीच असते जी १९५३ च्या जूनमध्ये री यांची होती. आणि हमी देणाऱ्यांपुढचा पेचही तोच आहे: शब्द पाळायची वेळ आली तर समोर अण्वस्त्रधारी सत्ता उभी असेल.